तो पहिला कागद नीट लिहा: मुंबई लोहमार्ग पोलीस आयुक्तांना खुलं पत्र

मा. आयुक्त,
लोहमार्ग पोलीस, मुंबई
यांस,

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवलीची. सव्वीस वर्षं झाली, सकाळची फास्ट पकडून दादरला नोकरीला जाते. लेडीज डब्यात भाज्या निवडल्या, मैत्रिणींची डोहाळजेवणं केली, खंडेनवमीला डब्याला झेंडूच्या माळा घातल्या. पोलिसांवर तोंडसुख घेण्यासाठी हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगते. रात्री साडेदहाला परतताना डब्यात तुमची एखादी शिपाई मुलगी किंवा होमगार्ड बसलेला दिसला की पर्स मांडीवरून बाजूला ठेवायचा धीर येतो. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसएमटीच्या फलाटावर तुमच्या दलाचे निरीक्षक शशांक शिंदे गेले, हे या शहराच्या लक्षात आहे, माझ्याही आहे. मला बोलायचं आहे ते एका कागदाविषयी. रुळांवर माणूस पडला की पोलिसांचा जो पहिला कागद तयार होतो, त्या पंचनाम्याविषयी.

२०१८ च्या पावसाळ्यात आमच्या डब्यातल्या एका मैत्रिणीचा नवरा गाडीतून पडून गेला. तिचं नाव लिहीत नाही. कोणत्या पोलीस ठाण्याची हद्द होती तेही लिहीत नाही, कारण मला त्या ठाण्याला नव्हे, एका रीतीला नाव ठेवायचं आहे. तो छापखान्यात कामाला होता. सकाळच्या गर्दीत दाराशी उभा राहिला, बॅग आतल्या माणसाच्या हातात देऊन रॅकवर टाकायला लावली आणि दोन स्टेशनांच्या मध्ये हात सुटला. आमच्याकडे हे असंच होतं. दाराशी कुणी हौसेनं उभं राहत नाही, आत शिरायला जागा नसते म्हणून उभं राहतं.

मागून येणाऱ्या गाडीच्या मोटरमनने कळवलं. स्टेशन मास्तरांनी मेमो दिला: अप फास्ट लाइनजवळ, अमुक किलोमीटर, अमुक खांब, अनोळखी पुरुष. हमाल स्ट्रेचर घेऊन गेले, तुमचे दोन शिपाई गेले. चिखलातून, भर पावसात, दोन्ही बाजूंनी गाड्या धावत असताना त्यांनी त्याला उचलून आणला. त्यातल्या एका हवालदारांनी त्याचा एकच उरलेला बूट आणि घड्याळ रुमालात बांधून ठेवलं होतं, ते मैत्रिणीच्या हातात देताना त्यांचा स्वतःचा हात थरथरत होता. मी तिच्या शेजारी उभी होते. त्या माणसाबद्दल माझ्या मनात आजही आदरच आहे.

पण पंचनाम्याच्या कागदावर लिहिलं गेलं: ‘रूळ ओलांडत असताना अज्ञात लोकलची धडक बसून.’

आयुक्त महोदय, ती जागा मी नंतर गाडीतून जाताना शंभर वेळा पाहिली आहे. तिथे एका बाजूला उंच भिंत आहे आणि दुसऱ्या बाजूला नाला. पायवाट नाही, वस्ती नाही, भिंतीला भगदाडही नाही. तिथे रूळ ओलांडून माणूस जाणार तरी कुठे? पंचनामा करणाऱ्याने मान वर करून दोन्ही बाजूंना पाहिलं असतं तर हा प्रश्न त्यालाही पडला असता. पण रोज तेच काम, रोज तेच वाक्य. हाताला ते वाक्य बसलेलं असतं आणि ते आपोआप उतरतं.

त्या वाक्याची किंमत काय, हे आम्हाला नंतर कळलं. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १२३ नुसार चालत्या प्रवासी गाडीतून अपघाताने पडणं ही ‘अनुचित घटना’ ठरते आणि कलम १२४अ खाली रेल्वेने भरपाई द्यायची असते, चूक रेल्वेची असो वा नसो. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूसाठी ही रक्कम ८ लाख रुपये आहे. रूळ ओलांडताना मेलेल्याला मात्र या कलमाखाली काही मिळत नाही. उलट कलम १४७ खाली रुळांवर शिरणं हाच गुन्हा आहे. म्हणजे ‘पडून’ आणि ‘ओलांडताना’ या दोन शब्दांत ८ लाखांचं अंतर आहे. दोन मुलांची शाळा आणि घराचे हप्ते त्या अंतरात होते. शिवाय बाईला लोकांनी सांगायचं, तुझाच नवरा चुकला, शॉर्टकट मारत होता. ते तर पैशात मोजताच येत नाही.

पुढचं ऐका. त्याची बॅग गाडीत राहिली होती. आतल्या ज्या माणसाने ती रॅकवर ठेवली होती त्याने पडताना पाहिलं, ओरडला, पण गाडी थांबली नाही. पुढे मोठ्या स्टेशनवर उतरून त्याने बॅग कार्यालयात जमा केली आणि कामावर गेला. बॅगेत डबा, छत्री आणि प्लास्टिकच्या पाकिटात महिन्याचा पास. माणूस एका हद्दीत अनोळखी म्हणून शवागारात आणि त्याची ओळख दुसऱ्या हद्दीत कपाटात. संध्याकाळपर्यंत तो घरी आला नाही म्हणून आम्ही शोधायला निघालो आणि रात्री दीड वाजता तिने त्याला ओळखलं. बॅग सापडायला चार महिने लागले. तीही कुणी कळवलं म्हणून नाही. मी कामावरून परतताना एकेका स्टेशनवर उतरून, त्या तारखेला एखादी बॅग जमा झाली होती का, असं विचारत राहिले म्हणून. सहाव्या स्टेशनवर रजिस्टरमध्ये नोंद मिळाली. तारीख होती, गाडीची वेळ होती, डब्याचं, छत्रीचं, पासचं वर्णन होतं. बॅग आणून देणाऱ्या माणसाचं नाव नव्हतं, फोन नंबर नव्हता. त्याला कुणी विचारलाच नव्हता.

तो एकमेव साक्षीदार होता. या शहराच्या गर्दीत तो मिसळून गेला. कदाचित आजही माझ्याच गाडीने जात असेल.

दावा करायला कायद्याने एक वर्ष असतं. आम्ही मुदतीत अर्ज केला. रेल्वेचं म्हणणं सरळ होतं: पोलिसांचाच पंचनामा सांगतो की तो रूळ ओलांडत होता, मृताजवळ तिकीट-पास काही सापडलं नाही, तेव्हा तो प्रवासीच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच रीना देवी प्रकरणात सांगितलं आहे की, केवळ अंगावर तिकीट सापडलं नाही म्हणून माणूस प्रवासी नव्हता असं होत नाही. त्याआधी २०१० मध्ये जमीला प्रकरणात, दाराशी उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल पण तो गुन्हेगारी कृत्य नव्हे, हेही सांगितलं आहे. पण न्यायालयाचा निकाल दिल्लीला असतो आणि पंचनामा इथे, फाइलच्या पहिल्या पानावर. त्या पहिल्या पानाशी झगडायला चार वर्षं गेली. शेवटी निकाल तिच्या बाजूने लागला तो बॅगेच्या त्या रजिस्टरमुळे. ज्यांना असं रजिस्टर सापडत नाही त्यांचं काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि अशी माणसं थोडी नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ मध्ये २,५९० आणि २०२४ मध्ये २,४६८ माणसं गेली, हे आकडे लोहमार्ग पोलिसांच्याच नोंदींतले आहेत. रोज सरासरी सहा ते सात. ११ जुलै २००६ ला पश्चिम रेल्वेवर सात स्फोट झाले, तो दिवस शहर विसरलेलं नाही. त्यानंतर मेटल डिटेक्टर आले, श्वानपथकं आली, कॅमेरे आले, आणि ते यायलाच हवे होते. पण रोजच्या या सहा-सात जणांसाठी पोलिसी यंत्रणेचं काम म्हणजे उचलणं, नोंद करणं आणि शवविच्छेदनाला पाठवणं, एवढंच उरलं आहे. अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि बहुतेक वेळा तिथेच विषय संपतो. या नोंदींमध्ये रूळ ओलांडणाऱ्यांचा आकडा सगळ्यात मोठा असतो. त्यातले बहुसंख्य खरोखरच ओलांडत असतील, मी नाकारत नाही. पूल लांब असतो, म्हातारी माणसं जिना चढू शकत नाहीत, वस्ती रुळाच्या दोन्ही अंगांना असते. पण माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याचं नाव त्या रकान्यात चुकून गेलं होतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून तो रकाना पाहिला की त्यातल्या किती जणांच्या बाबतीत कुणी भिंत आणि नाला पाहिला असेल, असं वाटत राहतं.

९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली. चौघं त्याच दिवशी गेली. त्यांत तुमच्याच दलातला एक तरुण शिपाई होता. तोही आमच्यासारखाच प्रवास करत होता, आत जागा नाही म्हणून दारात. त्या घटनेचा तपास मात्र पडलेल्यांपाशी थांबला नाही. रूळ, वळण, देखभाल इथपर्यंत गेला आणि काही महिन्यांनी ठाण्याच्या लोहमार्ग पोलिसांनी रेल्वेच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला. खरं-खोटं न्यायालय ठरवेल, त्यावर मी बोलणार नाही. पण पडणाऱ्यापलीकडे जाऊन ‘का पडला’ हे तुमचं दल शोधू शकतं, एवढं तरी त्यातून दिसलं. एकटा माणूस पडतो तेव्हाही तोच प्रश्न विचारला जावा. चौघं एकदम पडेपर्यंत थांबायला नको. एकाच खांबाजवळ वर्षात पाच जण पडले असतील तर तिथे काहीतरी आहे: खांब रुळाला खेटून आहे, गाडीला हिसका बसतो, किंवा दारात लटकणाऱ्यांच्या हातावर दांडक्याचा फटका मारून मोबाइल पाडणारी टोळी तिथे दबा धरून बसते. प्रत्येक मेमोवर किलोमीटर आणि खांबाचा नंबर असतोच. ते नंबर एका नकाशावर मांडायला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. पण त्यासाठी पंचनाम्यातलं ‘पडला’ आणि ‘ओलांडत होता’ हे खरं असायला हवं. पहिला कागद खोटा तर नकाशाही खोटा.

आता हद्दीचं बोलते. प्रवाशाला फलाटावर खाकी दिसते. त्यातली कोणती खाकी जीआरपीची, म्हणजे तुमच्या लोहमार्ग पोलिसांची, आणि कोणती आरपीएफची, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाची, हे त्याला ओळखू येत नाही आणि त्याने ओळखावं अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे पोलीस हा विषय राज्यांच्या यादीत आहे, म्हणून तुम्ही राज्याच्या गृहखात्याचे. तुमच्या दलाचा खर्च राज्य आणि रेल्वे निम्मा-निम्मा उचलतात. रेल्वे सुरक्षा दल १९५७ च्या कायद्याचं, केंद्राचं, मुळात रेल्वेच्या मालमत्तेसाठी उभं केलेलं. चोरी, विनयभंग, मारामारी, मृत्यू हे सगळं तुमच्याकडे. स्टेशनच्या जिन्याखाली उतरलं की शहर पोलीस. कागदावर ही वाटणी स्पष्ट आहे. रडत आलेल्या माणसासाठी ती तीन बंद दारं आहेत.

मला स्वतःला एकदा अनुभव आला. चालत्या गाडीत पर्समधून फोन गेला. उतरून तक्रार द्यायला गेले तर पहिला प्रश्न: कोणत्या स्टेशनांच्या मध्ये गेला? मला कसं ठाऊक असणार? चोराने मला सांगून चोरला नव्हता. मग सांगितलं गेलं की मागच्या ठाण्यात जा. मागच्या ठाण्यात, चढलात तिथे जा. तिसऱ्या ठिकाणी एका मुलाने समजुतीने घेतलं, पण लिहिलं ‘गहाळ’. मी म्हटलं, पर्सची चेन ब्लेडने कापली आहे, ही बघा. तो म्हणाला, ताई, फोन बंद करायला आणि नवीन सिम काढायला एवढा दाखला पुरतो. पुरतोच. पण ‘गहाळ’ म्हणजे माझा वेंधळेपणा आणि ‘चोरी’ म्हणजे कुणीतरी चोर आहे. पहिल्याच्या मागे कुणी लागत नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द कोणतीही असो, नोंदवून घ्यायची. खबर देणाऱ्याला प्रत मोफत द्यायची. ऑनलाइन खबर दिली तर तीन दिवसांत येऊन सही केली की नोंद होते. पाच हजार रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या वस्तूची चोरी दखलपात्र आहे. लोकलमध्ये या कलमाइतकं उपयोगी दुसरं कलम नाही, कारण आमची घटनास्थळंच धावती असतात. ते प्रत्येक ठाण्याच्या दारावर मोठ्या मराठी अक्षरांत लावा. ‘हद्द विचारली जाणार नाही’ एवढे चार शब्द पुरतील. दादर, कुर्ला, ठाणे, कल्याण, अंधेरी, बोरिवली, वसई या ठाण्यांत रोज किती माणसं दाराशी येऊन ते वाक्य वाचतील, याचा अंदाज तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त असेल.

यात तुमच्या माणसांची अडचण मला दिसते. गुन्हा नोंदवला की आकडा वाढतो आणि आकडा वाढला की वरून विचारणा होते. मग हाताखालचा माणूस ‘गहाळ’ लिहायला शिकतो. हे तुम्हीच थांबवू शकता. चोरीचे गुन्हे जास्त नोंदवणाऱ्या ठाण्याला जाब न विचारता, ‘गहाळ’चे दाखले ज्याचे जास्त आहेत त्याला विचारा.

लेडीज डब्याबद्दल थोडक्यात. बंदोबस्त आहे, चांगला आहे, पण तो रात्री नऊनंतर. दुपारी दोन ते चार, डबा रिकामा असताना, आम्ही एकट्या-दुकट्या असतो. संकटात मदत मागायला टॉकबॅकचं बटण आहे, पण ते दाबल्यावर नेमकं कोण बोलतं आणि पुढच्या स्टेशनवर कोण येतं, हे डब्यातल्या दहा बायकांना विचारा, एकीलाही सांगता येणार नाही. तेवढं डब्यात लिहून लावा. १५१२ हा तुमचा नंबर मला माहीत आहे, कारण मी ठरवून पाठ केला. बाकीच्यांना तो माहीत नाही.

पुन्हा त्या कागदाकडे येते, कारण मागणं तेवढंच आहे. मृतदेहाजवळ पंचनामा करताना कारण माहीत नसेल तर ‘रूळ ओलांडताना’ लिहू नये, ‘कारण तपासाधीन’ लिहावं. दोन्ही बाजूंना काय आहे ते लिहावं: भिंत, नाला, वस्ती, पायवाट. चार फोटो काढावेत, फोन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. त्या वेळेच्या गाडीतून पुढे कुठे बॅग, चप्पल, फोन, डबा जमा झाला का, हे पुढच्या सगळ्या स्टेशनांना त्याच दिवशी विचारावं. आणि ज्याने बॅग आणून दिली त्याचं नाव, नंबर घ्यावा. तो घाईत असतो, मस्टर गाठायचं असतं, आणि कोर्टकचेरीला घाबरतो. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिलं. फलाटावर मदत करणाऱ्यालाही तुमच्या दलाकडून असंच एक आश्वासन लेखी मिळालं, की तुला ठाण्यात ताटकळत ठेवणार नाही, जबाब तुझ्या सोयीने घेऊ, तर तो नाव सांगून जाईल. मुंबईचा माणूस बॅग उघडूनही न पाहता परत करतो. नाव द्यायला तो का कचरेल?

यासाठी नवा कायदा लागत नाही, केंद्राची परवानगी लागत नाही. आपल्या सहीचं एक परिपत्रक लागेल आणि ते पाळलं जातंय का हे पाहणारा एक अधिकारी लागेल.

ती मैत्रीण आजही आमच्याच डब्यात असते. ती जागा आली की खिडकीशी बसलेली बाई काही न बोलता उठते आणि तिला आतल्या बाजूला बसवते. हे आमच्यात कुणी ठरवलेलं नाही.

बॅगेच्या त्या नोंदीची झेरॉक्स आणि त्या दिवसाच्या पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले की मी काय म्हणते ते पाच मिनिटांत कळेल. आपण वेळ दिलात तर घेऊन येईन. शनिवारी मला सुट्टी असते.

आपली,
डोंबिवली–दादरची एक पासधारक